सोफा बाहेर, आरसा आत

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक सकाळ अशी येते की बाल्कनीचं दार सरकवून बाहेर आलं तरी चष्म्यावर वाफ धरत नाही. दुबईतला शरद ऋतू एवढाच. पानं पिवळी पडत नाहीत, कारण पानं मुळात मोजकी, तीही नगरपालिकेच्या नळीवर जगणारी. चांदणं असतं, पण समोरच्या टॉवरच्या दिव्यांत ते ओळखू येत नाही. फक्त चष्मा कोरडा राहतो. मग मी एसी बंद करतो, आणि सहा महिने त्या घरघरीखाली दबलेले आवाज एकेक करून घरात येतात. कुणाचा तरी कुकर. खाली गाडी मागे घेताना वाजणारं पीं पीं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज. आणि मला डाळिंबं आठवतात, सुरमा आठवतो, नि माझं एक पाप आठवतं.

पाप हा वृंदाचा शब्द. माझी बायको अशा बाबतीत काटकसर करत नाही. मी त्याला 'प्रकरण' म्हणतो.

प्रकरण पर्शियातलं आहे. थाप नाही. इथल्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत स्वस्तातल्या बिल्डिंगा उभारताना एकेका भागाला एकेका देशाचं नाव दिलेलं आहे. त्यामुळे आमच्या ओळखीचे पेशावरचे एक गृहस्थ इंग्लंडात राहतात, माझा मल्याळी न्हावी फ्रान्समध्ये दुकान थाटून आहे, आणि ठाण्याचे आम्ही तिघं पर्शियात. आमच्या बिल्डिंगमध्ये खरीखुरी पर्शियन म्हणावी अशी बाई एकच होती, आणि ती बरोबर आमच्या समोरच्या दारात. परवीन खानम. यझ्द गावची. पन्नाशीची, उंच, चालताना पाठ अशी ताठ की आपण आपोआप पोट आत घ्यावं. ती घरी शिवणकाम करायची. तिचा नवरा, बेहरूझ आगा, एका बांधकाम कंपनीत होता. ती कंपनी बसल्यावर तो मस्कतला कामाला गेला आणि खानम एकटी राहिली. हिंदी ती सिनेमे बघून शिकली होती, त्यामुळे साधं 'दूध संपलं' हेसुद्धा ती कोर्टात साक्ष दिल्यासारखं सांगायची.

आता २००९ची हवा सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल.

आदल्या वर्षी मंदीत सगळं कोसळलं. मरीनाकडच्या क्रेन एका सकाळी जशा थांबल्या तशाच राहिल्या, हात वर करून. आमच्या ऑफिसात दर गुरुवारी कुणीतरी केबिनमध्ये जायचं आणि बाहेर येऊन टेबलाचा खण रिकामा करायचं. आपला गुरुवार कोणता, हे कुणी सांगत नव्हतं. आणि बिल्डिंगमधून माणसं न सांगता जायला लागली. आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब होतं. त्यांची मुलगी आमच्या ईशाची जिवाभावाची मैत्रीण. ईशा तेव्हा अकरा वर्षांची. एका सकाळी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाचं कार्ड घेऊन वर गेली नि पाच मिनिटांत परत आली. दार सताड उघडं होतं, म्हणाली, आणि आत फक्त एक कॅलेंडर. ते कार्ड तिने फाडलं नाही, टाकलं नाही. अभ्यासाच्या टेबलावर उभं करून ठेवलं. महिनाभर ते तिथे आमच्याकडे बघत होतं.

तेव्हापासून मी दाराशी उभा राहायला लागलो. प्रत्येक दाराला ते एक गोल भिंग असतं ना, बाहेरचं माणूस फुगवून दाखवणारं? त्याला डोळा लावून. सुरुवातीला सहज. मग सवयीने. मग, खरं सांगतो, आवडीने. मी जाणाऱ्यांच्या खुणांचं एक शास्त्रच तयार केलं. कुंड्या वाटणं, ही पहिली खूण. नवरा पुढे जाणं, ही दुसरी. ड्रॅगन मार्टमधून रिकामे खोके आणणं, तिसरी. आणि चौथी, जिच्यानंतर शंकेला जागाच नाही: फर्निचर बाहेर. ऑफिसात मला कुणी काही सांगत नव्हतं. इथे मला सगळ्यांच्या आधी कळत होतं. त्या वर्षी एवढंच एक सुख होतं, आणि मी ते चवीने घेत होतो.

तर ऑक्टोबर. दसरा होऊन गेलेला, दिवाळी आठवड्यावर. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांचे दिवाळीचे ब्लाउज खानमकडे. आणि वृंदाची जांभळी साडी, फॉल लावायला दिलेली. साडीचा रंग बघून खानमने म्हणे तिला विचारलं होतं, "शुक्रवार तक रखूँ?" वृंदा ऑफिसच्या घाईत होती, हो म्हणाली.

त्याच आठवड्यात खानमने मला लिफ्टपाशी गाठलं.

"दीपक आगा, शुक्रवार, दोपहर. मेहरगान है. सब आना. खाली हाथ आना, लेकिन आँखें धो के आना."

मेहरगान म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही, आपण 'दसरा आहे' म्हणताना सांगत नाही तसं. इराणी म्हणजे मला लहानपणापासून फक्त ब्रूनमस्का आणि गल्ल्यावरचा चिडका मालक ठाऊक. नवरोज ऐकलेला. हे मेहरगान कुठून आलं? मी संशयी मनुष्य. ड्रॅगन मार्टमध्ये सुकामेवा विकणाऱ्या एका शिराझच्या माणसाला विचारलं. तो बदाम तोलता तोलता म्हणाला, "मेहरगान? वो तो किताब में होता है, हबीबी. हमारे घर में कभी नहीं किया." झालं! म्हणजे सण हा बहाणा. आणि डोळे कशाला धुवायचे? कुठल्या जगात पाहुण्याला डोळे धुऊन बोलावतात?

बुधवारी मी भिंगाला डोळा लावला, आणि पडदा वर गेला.

पहिला प्रवेश: खानम खोके आणते. ड्रॅगन मार्टचे, दोन. दुसरा प्रवेश: गालिचा गुंडाळून बाहेर झाडला जातो. तिसरा: वाण्याकडून ती मूठभर नवी कोरी नाणी आणते, चिल्लर कोण करून घेतं, तर जाणारा. मग दार उघडून ती भिंतीवरचा मोठा आरसा उतरवताना दिसली. मागे भिंतीवर फिकट चौकोन. आणि संध्याकाळी, वॉचमनच्या मदतीने, सोफा बाहेर! आमच्या दोन दारांच्या मधोमध तो लाल मखमली सोफा येऊन बसला. नवरा मस्कतला, खोके, आरसा, सोफा. माझं शास्त्र माझ्यासमोर हात जोडून उभं होतं. आणि शुक्रवार दुपार? विमानाची वेळ. आपल्याला बोलावलंय ते किल्ली हातात द्यायला.

मी हे फक्त साळवीला सांगितलं. साळवी तळमजल्यावर चार जणांत राहायचा, रत्नागिरीकडचा, एसी दुरुस्तीवर मुकादम.

"साळवी, कुणाला बोलू नकोस."

"अहो साहेब, मी कुणाला बोलणार? मला कोण विचारतंय?"

साळवी दिवसाला वीस घरांचे एसी उघडायचा. गुरुवारी दुपारपर्यंत त्या वीसही घरांना कळलं होतं.

संध्याकाळी मी भिंगातून जे पाहिलं ते आजही त्याच फुगीर आकारात आठवतं. बायका एकेक करून खानमच्या दारावर येत होत्या नि कपडे परत नेत होत्या. न शिवलेले, अर्धवट शिवलेले, टाचण्यांसकट. प्रत्येकीकडे एकेक कारण. कुणाची सासू येणार होती, कुणाला रंगच आवडेनासा झाला होता. खानम प्रत्येक कापड घडी करून, पिशवीत घालून देत होती. काही विचारत नव्हती. शेवटी वृंदा मला म्हणाली, "दीपक, साडी घेऊन ये. आईने दिलेली आहे." मीही गेलो. म्हणालो, अबुधाबीला लग्न निघालंय अचानक. खानमने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. साडी इस्त्री केलेली होती.

घरी येऊन वृंदाने घडी उलगडली आणि तिच्यातून एक वास आला. ओव्याच्या पानांसारखा, पण कोरडा, डोंगरावरचा. पदरात वाळकी पानं होती, बारीक चुरलेली.

"ओह नो," ईशा म्हणाली. "तुम्ही साडी का आणली? इट्स फॉर द टेबल!"

शाळा सुटल्यावर वृंदा ऑफिसातून येईपर्यंत ईशा रोज खानमकडेच असायची. तिला सगळं माहीत होतं. मेहरगान म्हणजे जुन्या इराणचा शरदातला सण. जांभळं कापड अंथरायचं, त्यावर आरसा, सुरमा, गुलाबपाणी, डाळिंबं, पाण्यात नाणी. सूर्य डोक्यावर आला की आरशासमोर उभं राहायचं, सरबत प्यायचं, डोळ्यांत सुरमा घालायचा, आणि मग एकमेकांच्या डोक्यावर मुठी भरभरून टाकायचं: ही पानं, सेंजेद नावाची वाळक्या बोरासारखी फळं, आणि साखरेत घोळवलेले बदाम.

"एकमेकांच्या," ईशाने दोनदा सांगितलं. "यू कान्ट थ्रो इट ऑन युवर ओन हेड, बाबा. दॅट डझन्ट काउंट. दरवर्षी अंकल टाकायचे. आता अंकल मस्कतला. म्हणून तिने बारा लोक बोलावले. एकही वर्ष चुकलं नाही म्हणाली, यझ्द सोडल्यापासून."

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"यू नेव्हर आस्क्ड. तू दाराशी बिझी होतास."

वृंदा नुसती साडीची घडी घालत राहिली, आणि मला त्या घडी घालण्याची फार भीती वाटली.

शुक्रवारी सव्वाबाराला आम्ही तिघं डोळे धुऊन, साडी हातावर घेऊन समोरच्या दारात उभे. तारीख खरी आदल्या दिवसाची होती, पण त्या काळी दुबईत सगळ्यांचेच सण शुक्रवारी यायचे. आमचा गणपतीसुद्धा शुक्रवार बघूनच बसायचा. रस्ता रिकामा. मशिदीतून खुतबा, जुम्म्याचं प्रवचन, ऐकू येत होता. सोफा तिथेच, त्याच्यावर आता कुणाची तरी छत्री.

खानमने दार उघडलं. आत अख्खी खोली मोकळी. मधोमध बुटकं टेबल, त्यावर जांभळ्याऐवजी पांढरी चादर, मागे तो आरसा. सरबताचे बारा कप, ओळीत. आणि तिने एका कपातून घोट घेतलेला होता. ती एकटीच सुरू करायला निघाली होती.

ती साडीकडे बघत राहिली. मग कप उचलून चादर काढली, वृंदाने साडी अंथरली, दोघींनी मिळून कोपरे ओढले. आम्हाला ओळीने आरशासमोर उभं केलं. सरबत दिलं; व्हिनेगर आणि साखर, जीभ दचकते. मग चांदीच्या काडीने ईशाच्या डोळ्यांत सुरमा घालता घालता ती म्हणाली, अगदी सहज आवाजात:

"सब जा रहे हैं ना?"

"कौन, खानम?"

"सब. पूरी बिल्डिंग. कल सब कपड़ा वापस ले गए. मैं समझ गई. घर बंद करते हैं तो पहले दर्ज़ी से कपड़ा लाते हैं. यझ्द छोड़ा तब मेरी माँ ने भी यही किया." काडी वृंदाच्या डोळ्यांकडे वळली. "तुम भी. अबुधाबी में शादी नहीं है, मुझे मालूम. फ़िक्र नहीं. जाना है, जाओ. लेकिन दरवाज़ा खटखटा के जाओ. इतना तो."

म्हणजे मी भिंगातून तिला जाताना बघत होतो, आणि ती शिवणयंत्रामागून आम्हाला सगळ्यांना. गुरुवारची अख्खी संध्याकाळ एकेक घर तिच्या दारातून निघून गेलं होतं, नि ती प्रत्येकाला पिशवी देत होती.

मग काडी माझ्याकडे आली. सुरमा भयंकर झोंबतो. आणि आरशासमोर एक गैरसोय असते, तोंड वळवलं तरी तिथे आपण असतोच. डावीकडून वृंदा बघत होती. ईशा काळ्याभोर डोळ्यांनी बघत होती. माझ्याकडे तीन चांगल्या थापा तयार होत्या, खरंच, तीन. पण तिघी बघत होत्या आणि चौथा मीच.

"खानम, कोई नहीं जा रहा. मैंने सबको बोला कि आप जा रही हैं."

खुतबा संपून प्रार्थना सुरू झाली होती. खानमने उघड्या दारातून बाहेर बघितलं.

"सोफ़ा देख के?"

"सोफ़ा. गालिचा. आरसा. चिल्लर."

"बारह लोग आईने के सामने सोफ़े पर चढ़ के खड़े होंगे, दीपक आगा?"

आणि तिने वाडग्यात हात घातला, मूठ भरली, आणि ती मूठ माझ्या कपाळावर बसली. आशीर्वाद एवढ्या जोरात देत नाहीत. एक सेंजेद चष्म्यावर टणकन लागलं.

"जाओ. सबको लेके आओ. सूरज मैं रोकती हूँ."

"तोंड धुऊन जाऊ?"

वृंदा म्हणाली, "असाच जा."

मंडळी, मी आयुष्यात बऱ्याच भूमिका केल्या, पण डोळ्यांतून काळे ओघळ, केसांत वाळकी पानं, अशा अवतारात चार मजले दारोदार जाऊन "मी खोटं बोललो" हा संवाद तेवढ्या वेळा कधी म्हटला नाही. काही दारं उघडलीच नाहीत. आतून डोळा लागून भिंग काळं झालं, नि मागे कुजबुज. काहींनी साखळी लावूनच ऐकलं. साळवीने दार उघडलं आणि मागे सरकला.

"साहेब, डोळे आले काय?"

"नाही रे. वर चल. आणि डोळे धुऊन ये."

"मला कशाला? मी काय केलं?"

"तू कुणाला बोलला नाहीस, म्हणून."

आला. सोबत खोलीतले दोघं, धुतलेले शर्ट घालून. दोन नर्स आल्या, एक गुजराती म्हातारं जोडपं आलं, आणि दोन बायका ज्या पिशव्या मागे लपवत आत शिरल्या. नंतर त्या पिशव्या गुपचूप शिवणयंत्राखाली ठेवलेल्या मी पाहिल्या. बारा कप, तेरा माणसं. मी स्टीलच्या वाटीतून सरबत प्यायलो. माझी तीच लायकी होती. घड्याळात एक वाजून गेला होता, पण सूर्य खानमच्या ताब्यात होता.

मुठी सुरू झाल्या तेव्हा आधी सगळे लाजले. साळवीने दोन दाणे चिमटीत धरून गुजराती आजोबांच्या टकलावर ठेवले, तुळशीला अक्षता वाहाव्यात तसे. मग आजोबांनी उलट ओंजळ भरून त्याच्यावर टाकली, आणि वृंदा एकदम ओरडली, "अगं बाई, हे तर बोरन्हाण!"

खानमला समजावून सांगावं लागलं. संक्रांतीला लहान मुलांना पाटावर बसवतात, डोक्यावर बोरं आणि हलवा ओततात, दृष्ट लागू नये, बाधू नये म्हणून.

"सिर्फ़ बच्चों को?" खानम म्हणाली. "बड़ों को नहीं?"

"बड़ों को कौन पूछता है, खानम."

"तो बड़े लोग क्या करते हैं?"

साळवीने खानमसमोर उभं राहून, दोन्ही हात भरून, अगदी हळू तिच्या डोक्यावर टाकलं. तिने डोळे मिटून घेतले होते. पानं तिच्या पांढऱ्या केसांत अडकली, ती तिने दिवसभर काढली नाहीत.

पुढे बेहरूझ आगा परत आला. ऑक्टोबर येत राहिले. माणसं बदलत राहिली, कप बाराच राहिले. मग एके वर्षी मार्चमध्ये सोफा बाहेर दिसला. मी भिंगातून बघितलं आणि वृंदाला हाक मारली, "खानमचं कॅलेंडर बिघडलं वाटतं! मेहरगानला अजून सात महिने आहेत." माझं शास्त्र एवढं बरोबर आयुष्यात एकदाच ठरलं, आणि त्याच वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या संध्याकाळी खानमने चारही मजल्यांवर प्रत्येक दार खटखटवलं. ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती त्यांचंसुद्धा. आमच्याकडे शेवटी आली. आरसा ईशाच्या हातात दिला, कप वृंदाच्या. मला काही दिलं नाही. फक्त भिंगावर, बाहेरच्या बाजूने, बोटाने टकटक केलं.

ईशा आता दूर नोकरीला आहे. काल फोनवर विचारत होती, "बाबा, सेंजेद मिळाले? डोन्ट चीट विथ बोरं." मिळाले. त्याच शिराझवाल्याकडे. आता तो स्वतःच विचारतो, "मेहरगान कब है?" आणि मग खोचकपणे, "किताब में देखा क्या?" इथली सुट्टी आता शनिवार-रविवार झाली, तसा सणही हलला, खानमने वरून बघितलं तर रागावणार नाही, असं म्हणणार होतो, पण खानम वर नाही, शिराझला बहिणीकडे आहे, ठणठणीत, आणि दर ऑक्टोबरला व्हिडिओवर आमचं टेबल तपासून नापास करते.

तसा सण दोघांतही होतो. मी वृंदावर टाकतो, ती माझ्यावर, जरा जोरात. पण कप बारा आहेत.

म्हणून आज सकाळी चष्मा कोरडा राहिला तसा मी सोफा ढकलत बाहेर काढला. समोरच्या घरात आठ महिन्यांपासून लखनौच्या एक बाई राहतात, बँकेत असतात, एकट्या. आतापर्यंत आमची बोलणी 'गुड मॉर्निंग' आणि 'लिफ्ट वर चाललीय का' एवढीच. मी आरसा उतरवून दारातून आडवा नेत होतो, तेवढ्यात त्यांच्या दारातलं भिंग काळं झालं.

ते मला ओळखू येतं. मी आरसा खाली ठेवला, भिंगाकडे बघून कमरेतून वाकलो, आणि दार खटखटवलं.

साखळीएवढं दार उघडलं. "आप लोग... शिफ्ट कर रहे हैं?"

"इतवार, दोपहर. सब आ रहे हैं. खाली हाथ आइए, लेकिन आँखें धो के."

"आँखें? क्यों?"

मी नुसता हसलो. दार बंद झालं. भिंग पुन्हा काळं झालं.

"येतील का त्या?" वृंदाने आतून विचारलं.

"त्या आधी वॉचमनला विचारतील. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर होईल की आपण निघालो."

"मग?"

"मग कुणीतरी दार वाजवेलच, विचारायला."

आणि मी सोफा आणखी दोन फूट पुढे सरकवला, त्यांना तिथून नीट दिसावा म्हणून.